आधी कडा मोकळी, मग कान

प्रश्न असा आहे. केज तालुक्यातले एक शेतकरी, वय ६७. उजव्या कानाच्या वरच्या कडेवर दहा महिन्यांपासून न भरणारी जखम. बायोप्सीत स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर निघाला. जखम साधारण दीड सेंटिमीटरची. डॉक्टरांनी सांगितलंय की कानाचा वरचा भाग काढावा लागेल. आबा चष्मा लावतात आणि त्याच कानामागं श्रवणयंत्र आहे. त्यांची लेक विचारते की काढलेला कान परत बनतो का, त्यासाठी बरगडी कापावी लागते का, सगळं एकाच वेळी होतं का, आणि या वयात हे करावं का. घरातल्या दोघातिघांचं म्हणणं, लोखंड लागलं की कॅन्सर भडकतो, तेव्हा आहे तसं राहू द्या.

ताई, शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो सुटला नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

लोखंडाचं हे वाक्य मी सर्जन म्हणून बावीस वर्षं ऐकतोय. बीडमध्ये ऐकलं, परभणीत ऐकलं, लातूरच्या शिकलेल्या घरांतही ऐकलं. त्यामागं लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं काहीतरी आहे, म्हणून मी ते कधी झिडकारत नाही. माणूस इतका उशिरा येतो की ऑपरेशनच्या आधीच कॅन्सर मानेच्या गाठींत उतरलेला असतो. ऑपरेशन होतं, सहा-आठ महिन्यांत तो जातो, आणि गावात दोष सुरीवर येतो. दोष उशिराचा असतो. कानाच्या त्वचेच्या कॅन्सरमध्ये बायोप्सीनं किंवा नीट केलेल्या ऑपरेशननं आजार पसरत नाही. तो न काढल्यानं पसरतो. कानाची जखम आधी कूर्चेत, म्हणजे कानाच्या लवचिक हाडात शिरते, मग कानासमोरच्या आणि मानेतल्या गाठींत जाते. दीड सेंटिमीटरच्या जखमेवर आज जे ऑपरेशन होईल ते दिवाळीनंतर होणार नाही. तेव्हा वेगळं आणि कितीतरी मोठं करावं लागेल. घरातल्या थोरल्यांना माझ्या वतीनं एवढं नक्की सांगा.

आपल्या सावळ्या कातडीला उन्हापासून बरंच संरक्षण असतं, म्हणून इथं त्वचेचा कॅन्सर गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा खूप कमी दिसतो. पण त्यामुळंच तो कुणाच्या मनात येत नाही. रोगी मेडिकलमधून ट्यूब आणतो, खपली धरते, निघते, रक्त येतं, परत खपली धरते. कान ही अशी जागा आहे की जन्मभर उन्हात असते. गांधी टोपी डोकं झाकते, कान उघडाच राहतो. पूर्वी पटका बांधणाऱ्यांचा कानाचा वरचा भाग तरी झाकला जायचा. आता दस्ती गळ्यात असते, डोक्याला नसते. ज्यांच्या अंगात जन्मतः रंगद्रव्य कमी आहे, ज्यांच्या कानावर जुना भाजल्याचा व्रण आहे, किंवा ज्यांनी किडनी बदलल्यानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली आहेत, त्यांनी तर कानावरची प्रत्येक खपली दाखवावी. कानावर जी जखम महिना-दीड महिन्यात भरत नाही तिचा तुकडा तपासायचा, हा माझा नियम आहे. कधीकधी ती कॅन्सर नसते. एकाच कुशीवर झोपणाऱ्यांच्या कानाच्या कडेला दुखरी गाठ येते, तीही अगदी तशीच दिसते. तपासल्यावरच कळतं.

आता आबांचं. हा कॅन्सर कानावर असला की आम्ही तो जास्त जोखमीचा धरतो. गालावरच्या तेवढ्याच जखमेपेक्षा कानावरची जखम गाठींत जाण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी डॉक्टरांनी कानासमोर, कानामागं आणि मानेला बोटांनी नीट चाचपून पाहिलं का, हे विचारा. शंका असेल तर मानेची सोनोग्राफी करतात, गाठ दिसली तर सुईनं पेशी काढून तपासतात. बायोप्सीचा कागद परत वाचा. त्यात पेशी किती बिघडलेल्या आहेत, जखम किती खोल आहे, मज्जातंतूभोवती कॅन्सर आहे का, असं लिहिलेलं असतं. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी, खोल उतरलेली, मज्जातंतू धरलेली जखम असेल तर बेत बदलतो.

मग येतो कापायचा भाग. कॅन्सर जिथं डोळ्यांना संपलेला दिसतो तिथं तो खरंच संपलेला असतो असं नाही. म्हणून दिसणाऱ्या कडेच्या बाहेर थोडी चांगली कातडी सोबत काढतात. कमी जोखमीच्या स्क्वॅमस कॅन्सरला चार ते सहा मिलिमीटर, जास्त जोखमीला त्याहून जास्त. बेसल सेल कार्सिनोमा नावाचा जो मवाळ प्रकार आहे त्याला लहान जखमेत चार मिलिमीटर बहुतेकदा पुरतात. आबांचा हिशोब करून बघा. जखम दीड सेंटिमीटर, दोन्ही बाजूंना निदान सहा-सहा मिलिमीटर, म्हणजे कानाच्या कडेचा निदान पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपासचा तुकडा जाणार. माणसाचा अख्खा कान उंचीला साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटर असतो. तुमच्या डॉक्टरांनी वरचा भाग काढावा लागेल असं म्हटलं ते घाबरवायला नाही, ते मोजून म्हटलंय.

खुणा भुलीचं इंजेक्शन देण्याआधी करायच्या असतात. इंजेक्शननं कातडी फुगते आणि मिलिमीटर हलतात. तुकडा काढला की त्याच्या एका टोकाला, घड्याळात बारा वाजतात त्या जागी, रेशमाचा एक टाका घालून ठेवतो. तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यावरून दिशा कळते. त्यांनी लिहिलं की तीन वाजताच्या बाजूची कडा मोकळी नाही, म्हणजे तिथं कॅन्सर कापलेल्या कडेपर्यंत पोचलाय, तर मला कानावर नेमकं कुठं परत जायचं ते कळतं.

या टाक्याचं मोल मला एका आजींनी शिकवलं. नोकरीच्या सुरुवातीची वर्षं होती. आजींच्या कानाला बुगडीची जुनी भोकं होती आणि त्यांच्या मागंच जखम. लांबून आल्या होत्या, सोबत एक नातू, त्याची परीक्षा. दोन खेपा नकोत म्हणून मी कॅन्सर काढला आणि त्याच दिवशी कानामागची कातडी फिरवून जागा झाकून टाकली. टाके सुरेख बसले होते. आठव्या दिवशी रिपोर्ट आला, खोल बाजूची कडा मोकळी नाही. आता ती कडा होती कुठं? मी कातडी वळवली, ओढली, शिवली होती. बारा वाजताची जागा बारा वाजता राहिलीच नव्हती. अखेर तो सगळा फ्लॅप, म्हणजे ती फिरवलेली कातडी, काढून टाकावा लागला आणि त्याच्याखालचंही. आजींनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. पण त्यांचा अर्धा कान जो गेला तो माझ्या घाईनं गेला.

तेव्हापासून कडा मोकळी असल्याचा कागद हातात आल्याशिवाय मी कातडी फिरवत नाही. ताई, माझ्या सगळ्या उत्तरातली ही एक गोष्ट धरून ठेवा. टाके सरळ घालून बंद होणारी छोटी जखम असेल, किंवा नुसती पातळ कातडी लावायची असेल, तर त्याच दिवशी करायला हरकत नाही, कारण त्यात जागा बदलत नाही. पण फ्लॅप फिरवायचा असेल तर दोनच रस्ते. ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शननं कडा तपासून घ्यायची. तुकडा गोठवून अर्ध्या-पाऊण तासात उत्तर मिळतं. ही सोय मोठ्या रुग्णालयांत असते. किंवा जखम ओली पट्टी ठेवून झाकायची, नेहमीच्या रिपोर्टची वाट पाहायची आणि आठ-दहा दिवसांनी कान घडवायचा. अमेरिकेतल्या फ्रेडरिक मोज यांनी १९३०च्या दशकात थरथर काढत प्रत्येक थराची पूर्ण कडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची पद्धत सुरू केली. कानासारख्या जागी ती उत्तम आहे, पण आपल्याकडं ती मोजक्या मोठ्या शहरांतच मिळते. तिच्यासाठी महिनोन् महिने थांबण्यापेक्षा आपल्या भागात नीट काढून, नीट तपासून, मग घडवणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

त्या आठ-दहा दिवसांत उघडी कूर्चा सुकू द्यायची नाही. ती सुकली की मरते. रोज मलमाची जाळीदार पट्टी बदलायची. पाहायला वाईट दिसतं, घरचे घाबरतात, पण रोग्याला फार दुखत नाही.

आता घडवण्याकडं येऊ. कान म्हणजे कागदासारख्या पातळ कातडीत गुंडाळलेली कूर्चा. पुढच्या बाजूला कातडी कूर्चेला घट्ट चिकटलेली असते, चिमटीत येत नाही. मागच्या बाजूला ती थोडी सैल असते. स्वतःच्या कानाला हात लावून बघा, लगेच कळेल. खाली पाळीत कूर्चा नसतेच, म्हणून ती मऊ. या रचनेमुळंच कानाचं काम अवघड आहे. नुसती कातडी लावली तर ती आकसते आणि कान चुरगळतो, म्हणून आत आधार लागतो. आणि उघड्या कूर्चेवर मांडीची कातडी लावली तर ती धरत नाही, कारण कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरचं पातळ आवरण शाबूत असेल तरच ग्राफ्ट, म्हणजे अशी सुटी आणून लावलेली कातडी, जगतो. नसेल तर कूर्चेचा तो भाग काढून मागच्या कातडीच्या आतल्या बाजूवर ग्राफ्ट बसवतात. कानाच्या खळग्यात हे छान जमतं, तिथली कूर्चा काढली तरी आकार बिघडत नाही. म्हणूनच खळग्यातल्या कूर्चेचा तुकडा आम्ही दुसरीकडं आधार म्हणून वापरतो.

जमेची बाजू अशी की कानाला रक्त भरपूर. पुढून आणि मागून, दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्यांतून येतं. बारीक देठावर ठेवलेली कातडीही इथं जगते. सुश्रुतसंहितेत कानाची पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार दिले आहेत, आणि त्यात गालाचं मांस सोडवून, पण त्याचा जिवंत जोड न तोडता, पाळी बनवायची रीतही आहे. त्यासाठी तिथं सानुबंध असा शब्द येतो. फ्लॅप या शब्दाला इतका नेमका मराठी पर्याय मला दुसरा सापडलेला नाही. रोग्यांना समजावताना मी तोच वापरतो. कलम करताना फांदी आईला जोडलेलीच ठेवतो तसं, म्हटलं की शेतकरी माणसाला पुढचं सांगावं लागत नाही.

कडेवरचा छोटा तुकडा, एक-दीड सेंटिमीटरपर्यंतचा, पाचरीसारखा काढून सरळ शिवता येतो. त्याहून मोठी पाचर शिवली तर कान वाटीसारखा पुढं वाकतो. आबांचा पावणेतीन सेंटिमीटरचा तुकडा या टप्प्याच्या पुढं जातो.

इथं मला आपल्याच मुंबईतल्या एका सर्जनचं नाव घ्यायला आवडेल. जे. जे. रुग्णालयातले डॉ. नोशिर अँटिया. कुष्ठरोग्यांचे वाकडे झालेले हात आणि चेहरे सरळ करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, पुढं मांडव्याच्या परिसरात गावातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. १९६७ साली त्यांनी आणि डॉ. बुच यांनी कानाच्या कडेचा दोष भरून काढायची एक पद्धत प्रसिद्ध केली. आज जगभर ती अँटिया-बुच फ्लॅप म्हणून शिकवली जाते.

तिची युक्ती साधी आहे. कानाच्या कडेला आतल्या बाजूनं जी पन्हळ असते तिच्यातून छेद द्यायचा. पुढची कातडी आणि कूर्चा कापायची, मागची कातडी मात्र अखंड ठेवायची. मागची कातडी कूर्चेवरून अलगद सोडवत नेली की कानाची कड अख्खी मोकळी होते, मागच्या कातडीच्या आधारावर जिवंत राहून. खालून पाळीकडची कड वर सरकते, वरून कानाच्या मुळाकडची कड मागं सरकते, आणि दोन्ही टोकं मध्ये भेटतात. पहिल्यांदा पाहणाऱ्या निवासी डॉक्टरांना खरं वाटत नाही की मघाशी एवढं खिंडार होतं. पाळीत थोडी जास्तीची कातडी असतेच, ती इथं कामाला येते, आणि वयाबरोबर पाळी लोंबते म्हणून म्हाताऱ्या माणसात हे अधिकच चांगलं जमतं. कान थोडा लहान होतो. पण माणसाचे दोन्ही कान एकाच वेळी कुणी नीट बघत नाही. चार-पाच मिलिमीटरचा फरक घरच्यांनाही जाणवत नाही.

या पद्धतीनं साधारण दोन-अडीच सेंटिमीटर कड सहज भरते, सैल कानात थोडी जास्तही. म्हणजे आबा बरोबर सीमेवर आहेत. दोष फक्त कडेचाच असेल, आत कमी शिरला असेल, तर एकाच बैठकीत काम होईल, बरगडीची गरज नाही. पण तुकडा काढल्यावर खिंडार कडेपासून आतल्या उंचवट्यापर्यंत गेलं, तर ओढून शिवण्यात अर्थ नाही. मग दोन टप्प्यांचा रस्ता घ्यावा लागतो.

त्यात आधी साचा बनतो. जुनी एक्स-रे फिल्म घेतो, आबांच्या डाव्या, चांगल्या कानावर धरतो, पेननं कडेची वळणं उतरवून घेतो, कात्रीनं कापतो आणि फिल्म उलटी करतो. उलटी केली की तो उजवा कान होतो. तो साचा जखमेवर धरला की किती कूर्चा आणि किती कातडी कमी आहे ते दिसतं. कातडी कापताना साच्यापेक्षा थोडी जास्त घेतो, ती आकसतेच. मग एका कानाच्या खळग्यातून कूर्चेची पट्टी काढून कडेचा आधार बनवतो, आणि कानामागची, केस नसलेली कातडी पुढं सरकवून तिच्यावर पांघरतो. डोक्याकडचा तिचा देठ तसाच ठेवतो. तीन आठवडे कानाचा वरचा भाग डोक्याला चिकटलेला राहतो. तेवढ्यात नव्या जागेतून तिला रक्त मिळू लागतं. मग देठ कापायचा, कान डोक्यापासून सुटा करायचा, मागच्या उघड्या जागेवर पातळ कातडी लावायची. दुसरा टप्पा छोटा असतो.

बरगडीबद्दल लोक फार घाबरलेले असतात. जन्मतः कान नसलेल्या लेकरांना बरगडीच्या कूर्चेपासून कान घडवतात, आणि ते उत्तम होतात. पण ६७व्या वर्षी बरगडीची कूर्चा हाडासारखी कडक झालेली असते. कोरताना तुटते, वळत नाही. वरच्या एक तृतीयांश भागासाठी मी ती या वयात वापरणार नाही. अख्खा कान गेला तर प्रश्न वेगळा. तेव्हा सिलिकॉनचा कान हा चांगला, खरं सांगायचं तर म्हाताऱ्या माणसात पुष्कळदा सगळ्यात चांगला उपाय असतो. तो चिकटद्रव्यानं बसतो किंवा हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या खुंट्यांवर. आमच्या उन्हाळ्यात घामानं चिकटवलेला कान सुटतो, म्हणून खुंट्या बऱ्या. पण त्यांच्याभोवतीची जागा रोज धुवावी लागते आणि खर्चही होतो. आबांना सध्या याची गरज दिसत नाही.

या वयात करावं का, हा तुमचा खरा प्रश्न. कॅन्सर काढण्यावर चर्चाच नाही. घडवण्याबद्दल सांगतो. पुष्कळ म्हातारी माणसं म्हणतात, मला आता कुणाला दाखवायचंय, द्या शिवून. मी विचारतो, पेपर वाचता का? चष्म्याची दांडी कानाच्या वरच्या मुळावर टेकते. वरचा भाग मुळापासून गेला की चष्मा तिरका होतो, घसरतो. श्रवणयंत्र कानाच्या मागच्या खाचेत बसतं. खाच भरून गेली की यंत्र राहत नाही, आणि ऐकू न येणारा माणूस घरात असून एकटा पडतो. बाहेरचा कान गेला म्हणून बहिरेपण येत नाही, नळी मोकळी असेल तर ऐकू येतंच, पण यंत्र टिकायला कान लागतो. म्हणून आबांसाठी माझं ध्येय देखणा कान हे दुसरं. पहिलं ध्येय मुळाजवळचा टेकू आणि मागची खाच वाचवणं. तुमच्या सर्जनना हे शब्दांत सांगा. ते आधी ठरलं तर छेद वेगळा घेता येतो. तब्येत फारच नाजूक असेल आणि दोन टप्पे झेपणार नसतील, तर कान लहान करून नीट बंद करणं आणि यंत्राचा प्रकार बदलणं यातही काही कमीपणा नाही.

बहुतेक वेळा हे काम कानाभोवती इंजेक्शन देऊन होतं, पूर्ण भूल लागत नाही. खळग्यात सुई लावली की काहींना अचानक खोकला येतो. तिथं वेगस नावाच्या नसेची एक फांदी येते, त्यामुळं होतं. आबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर दचकतात.

तंबाखूबद्दल मी कठोर आहे. बिडी असो, तंबाखू मळून दाढेत धरलेली असो, निकोटिननं बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि फ्लॅपचं टोक काळं पडतं. आधी तीन-चार आठवडे आणि नंतर तेवढेच दिवस पूर्ण बंद. फक्त एवढ्यासाठी कॅन्सर काढणं मात्र लांबवायचं नाही. आज बंद केली तर आजपासून फायदा. साखर असेल तर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

ऑपरेशननंतर पहिले दोन दिवस लक्ष ठेवायची गोष्ट एक: अचानक वाढलेली ठणक. पट्टीखाली रक्त साचलं की ठणकतं, आणि ते वेळीच काढलं नाही तर कूर्चा मरून कान फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वेडावाकडा होतो. रात्री दोन वाजले तरी फोन करायचा, सकाळची वाट बघायची नाही. पाच-सहा दिवसांनी कान लाल, गरम, हात लावू न देणारा झाला तर कूर्चेत संसर्ग आहे असं समजून लगेच दाखवायचं. फ्लॅप पहिल्या दिवशी थोडा निळसर दिसतो, त्यानं घाबरू नका. पांढराफटक किंवा काळा दिसला तर कळवा. त्या कुशीवर महिनाभर झोपायचं नाही. चष्म्याची उजवी दांडी तीन आठवडे वापरता येणार नाही, तिला दोरा बांधून कपाळाभोवती घ्यायची सोय आम्ही करून देतो. मोटारसायकलवर मागं बसून धुळीच्या रस्त्यानं ड्रेसिंगला येणं टाळा. हळद, चुना, झाडपाला जखमेवर नको.

आमच्या बीडच्या रोग्यांची एक अडचण मला चांगली माहीत आहे. घरात कुणी ऊसतोडीला जात असेल तर दसऱ्यानंतर घर रिकामं होतं, आणि माणूस म्हणतो, पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की येतो. तोपर्यंत सहा महिने जातात. कॅन्सर काढण्याची तारीख हंगामावर ठेवू नका. काढून झाल्यावर, कडा मोकळी असेल तर, कान घडवायचा दुसरा टप्पा हवा तर हंगामावर ठेवता येतो. त्यात नुकसान थोडं. पैशासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे आणि घाटी, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालयही आहे. कॅन्सर काढणारे आणि कान घडवणारे डॉक्टर एकमेकांशी बोलतील अशी जागा निवडा. एकानं काढून टाके घालून पाठवलं आणि दुसऱ्यानं महिन्यानं पाहिलं, तर कडा कुठली ते कुणालाच सांगता येत नाही.

रिपोर्टमध्ये मज्जातंतू धरलेला निघाला किंवा गाठीत कॅन्सर निघाला तर शेक, म्हणजे रेडिएशन द्यावं लागू शकतं. ते होईल असं आधीच वाटत असेल तर मी कान साधा ठेवतो. नव्यानं बसवलेल्या कूर्चेला शेक सोसत नाही. आणि सगळं नीट झालं तरी पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी यायचं, कारण परत येणारे बहुतेक कॅन्सर त्या काळात येतात. कान बघायचा, मान चाचपायची, आणि दुसरा कान, नाक, ओठ, टक्कलही बघायचं. एका जागी उन्हानं जे केलं ते शेजारी करायला त्याला वेळ लागत नाही. शेतात जाताना दस्ती कानावरून घट्ट घ्यायची, दहा ते चार शक्य तेवढं सावलीत.

ऑपरेशनच्या दिवशी आबांचा चष्मा आणि श्रवणयंत्र घरी सुरक्षित ठेवतात लोक. तसं करू नका, दोन्ही सोबत आणा. आम्ही चष्मा निर्जंतुक पिशवीत घालतो आणि शेवटचे टाके घालण्याआधी आबांच्या नाकावर ठेवून बघतो की दांडी टेकते का. टेकली नाही तर अजून दोन टाके सोडून कड थोडी वर घेता येते. टाके पक्के झाल्यावर ते होत नाही.